डॉक्टरची अर्हता कोणी ठरवायची?

अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हवे, ही जुनी मागणी २०२४ साली एकदाची पुरी झाली. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात राज्यातील ज्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्यांत अमरावती, बुलढाणा आणि वाशीम ही वऱ्हाडातील तीन होती. यवतमाळचे महाविद्यालय १९८९ पासून आणि अकोल्याचे २००२ पासून चालू आहे. म्हणजे अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने १९८४ साली अमरावतीस निघालेले खाजगी महाविद्यालय आहेच. फलक लागले, नारळ फुटले, आणि सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी श्रेय वाटून घेतले.

ह्या इमारतींतून बाहेर पडणारा डॉक्टर कोणाच्या उपयोगी पडणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. किती जागा, किती खाटा, किती कोटी ह्यांची चर्चा झाली. डॉक्टर होण्यासाठी काय यावे लागते, काय केलेले असावे लागते, कोणत्या गोष्टीवाचून पदवी अडते, ह्या अर्हतेच्या प्रश्नाकडे ‘तो तज्ज्ञांचा विषय आहे’ असे म्हणून पाठ फिरवण्यात आली. हा केवळ तज्ज्ञांचा विषय नाही. अर्हता म्हणजे दरवाजा. तो कोठे बसवायचा, किती रुंद ठेवायचा आणि कोणाच्या अंगणात उघडायचा, हा राजकीय निर्णय आहे. समाजवादी चळवळीने तो दुसऱ्यांवर सोपवून स्वस्थ बसणे म्हणजे आपले कर्तव्य सोडणे होय.

तीन तासांची चाळणी

आजची अर्हता काय आहे? बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असले पाहिजेत, आणि ‘नीट’ ही अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. ह्या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण. त्यांतील निम्मे जीवशास्त्राचे, निम्मे उरलेल्या दोन विषयांचे. चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची. चुकले तर गुण वजा. गुणवत्ता यादी एवढ्यावरच लागते. बारावीच्या दोन वर्षांत विद्यार्थी काय शिकला ह्याला त्या यादीत स्थान नाही.

ह्या अटींतील एक विसंगती कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही, ह्याचे आश्चर्य वाटते. इंग्रजी हा विषय सक्तीचा आहे, मराठी नाही. अकोल्याच्या बाह्यरुग्ण विभागापुढील रांगेत माणसे ज्या भाषेत आपले दुखणे सांगणार, ती येणे ही डॉक्टर होण्याची अट नाही. त्या रांगेत क्वचितच कोणी जी बोलेल, ती येणे ही अट आहे. परीक्षा मराठीतून देता येते हे खरे. परंतु ती सवलत परीक्षार्थ्याला आहे, रोग्याला नव्हे.

‘नीट’च्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोललेच पाहिजे. ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, आणि २०१६ साली त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतल्यावर ती पुन्हा आली. खाजगी महाविद्यालयांनी स्वतःच्या परीक्षांच्या आडून देणग्यांचा जो उघड लिलाव मांडला होता, त्याला तिने बऱ्याच अंशी आळा घातला. ज्यांनी तो लिलाव पाहिला आहे, ते ‘नीट’ला केवळ शिव्या देऊन थांबणार नाहीत. पण लिलाव बंद झाला असेही नाही. तो महाविद्यालयाच्या दारातून शिकवणी वर्गाच्या दारात सरकला.

अकोला हे एके काळी कापसाच्या बाजाराचे शहर. आज शिकवणी वर्गांचे शहर म्हणूनही त्याची ख्याती आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इकडून मुले येतात, भाड्याच्या खोल्यांतून राहतात. नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि देह शिकवणीच्या बाकावर, अशी दोन-तीन वर्षे काढतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्या खर्चाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. शिकवण्यांवर कितीही पैसा ओतला तरी वैद्यकाची एकही जागा वाढत नाही. त्याच जागेसाठी अधिक घरांचा अधिक पैसा जळतो, एवढेच. एकाने पायरी उंच केली की शेजाऱ्यालाही ती करावी लागते, आणि शेवटी सगळे पूर्वीच्याच क्रमाने उभे असतात. फक्त प्रत्येकाच्या मागे कर्ज वाढलेले असते. शिवाय ज्या बापाने दोन एकर विकून हा खर्च केला, त्याच्या मुलाने तो पुढे कोणाकडून वसूल करावा? हिशेब सरळ आहे. शिकवणीचे बिल अखेर रोगी भरतो.

इतके करून ही चाळणी निर्दोष तरी आहे काय? २०२४ साली प्रथम जाहीर झालेल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. प्रश्नपत्रिका काही ठिकाणी फुटल्याचे उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, परंतु फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. ज्या एकमेव मोजपट्टीवर लाखो मुलांचे आणि त्याहून कितीतरी अधिक रोग्यांचे भवितव्य मोजले जाते, तिची ही अवस्था आहे.

रोग म्हशीला, औषध पखालीला

आता वऱ्हाडची दुखणी पाहावीत आणि ती ओळखण्यासाठी ही अर्हता कितपत पुरी पडते ते तपासावे.

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्याचे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९९० च्या दशकापासून तेथील बालमृत्यूंची चर्चा विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात चालू आहे. समित्या येऊन गेल्या, अहवाल झाले, खास पथके पाठवली गेली. मेळघाटात बहुसंख्येने राहणाऱ्या कोरकूंची भाषा ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील, संथाली-मुंडारीच्या नात्यातील स्वतंत्र भाषा आहे. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की त्यावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची ‘डंबा’ नावाची अघोरी प्रथा तेथे अजून पुरती मोडलेली नाही. कोरकू बाई प्रथम भूमकाकडे जाते, हे तिचे अज्ञान म्हणून सांगितले जाते. अज्ञान आहेच, पण भूमका तिच्याशी तिच्या भाषेत बोलतो, तिचे पूर्ण ऐकून घेतो, आणि दवाखान्यात ह्यांपैकी एकही गोष्ट घडत नाही, हे सांगायचे मात्र सोयीस्करपणे राहून जाते. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे ह्या दांपत्याने आयुष्य घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री देऊन सरकारने कृतज्ञता व्यक्त केली. त्यांनी जे स्वेच्छेने केले, त्याचा अल्पसा अंश तरी अभ्यासक्रमाची अट व्हावा असे मात्र सरकारला वाटले नाही. त्यागाचा सत्कार करणे सोपे असते, कारण त्याने व्यवस्थेला हात लागत नाही.

घाट उतरून खाली आले की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारे, आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी गावोगाव. ह्या पट्ट्यातील रोग्याला ‘कोणत्या विहिरीचे पाणी पितोस’ असे ज्याला विचारावेसे वाटत नाही, त्याने शरीरशास्त्राचा पेपर कितीही चांगला सोडवलेला असो, त्याचे निदान अर्धेच राहणार.

तिसरे उदाहरण शेजारच्या यवतमाळचे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना तेथे शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, अंगावर फाटका सदरा, तोंडाला फडके, पाठीवर पंप, आणि दोन-तीन औषधांचे दुकानदाराने सांगितलेले मिश्रण! अशा मजुराला दवाखान्यात आणले म्हणजे काय मिसळले होते, किती दिवस सलग फवारले, कोणाच्या शेतात, आणि घरी बसला तर मजुरी बुडते म्हणून तो अर्धवट बरा होऊन पुन्हा पंप उचलणार की काय, हे सर्व प्रश्न वैद्यकीयच आहेत. त्यांची उत्तरे मात्र मजुरीच्या आणि कर्जाच्या व्यवहारात दडलेली आहेत, आणि त्या व्यवहाराचे अक्षरही आमच्या भावी डॉक्टरला शिकवले जात नाही.

चौथे उदाहरण तर रोजचे. वऱ्हाडातील बाई आपली गुप्त व्याधी ‘अंगावर जाते’ ह्या दोन शब्दांत सांगते, आणि तेही नजर खाली घालून. त्या शब्दांत जो एक प्रश्न दडलेला असतो, तो कळून पुढचा प्रश्न हलकेच विचारता आला नाही, तर ती ‘काही नाही’ म्हणून उठून जाते. तिला पुन्हा आणायला कर्करोगाची वेळ यावी लागते. येथे परप्रांतीय विद्यार्थ्यांविरुद्ध ओरड करण्याचा मुळीच हेतू नाही. अकोल्याच्या सुखवस्तू वस्तीत वाढलेल्या मुलालाही कोरकू येत नाही, आणि ‘अंगावर जाणे’ म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नसते. हा प्रांताचा भेद नसून वर्गाचा आहे.

अभ्यासक्रमात काहीच बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात प्रारंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा मिळाली. विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवावे, असा उपक्रमही पुढे आला. कल्पना चांगल्या आहेत. पण त्या कल्पनाच राहतात, कारण विद्यार्थी पक्का हिशेबी असतो. पदवी कशावाचून अडते आणि कशावाचून अडत नाही हे तो पहिल्या महिन्यात ओळखतो. नोंदवही भरली की दत्तक कुटुंब संपते. आंतरवासितेच्या वर्षात सामुदायिक वैद्यकाला जे बारा आठवडे मिळतात, त्यांतही मांडीवर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे पुस्तक उघडे असते. दोष त्या मुलाचा नाही. त्याच्यापुढे जी अट ठेवली ती तो पुरी करतो आहे. अटच चुकीच्या ठिकाणी ठेवली आहे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ह्या म्हणीचा प्रत्यय वैद्यकाच्याच क्षेत्रात यावा, हा मोठाच विनोद म्हटला पाहिजे.

त्यात आणखी एक विसंगती. १९९८ च्या कायद्याने नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले आणि वैद्यकीय शिक्षण अमरावती विद्यापीठाच्या कक्षेबाहेर गेले. आज संत गाडगेबाबांच्या नावाच्या ह्या विद्यापीठात साध्या बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे स्वतःच्या शाखेबाहेरचे विषय आणि समाजसंपर्काचे काम ह्यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. त्या धोरणाच्या इतर अंगांविषयी मतभेद पुष्कळ आहेत. पण प्राणिशास्त्राच्या पदवीधराला जे आवश्यक मानले, ते माणसांवर उपचार करणाऱ्याला अनावश्यक कसे? खराटा हातात घेऊन सार्वजनिक आरोग्याचा पहिला पाठ देणाऱ्या गाडगेबाबांच्या भूमीत तरी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

परवानाधारक गेला, सामाजिक वैद्य आला नाही

अर्हता बदलण्याचे प्रयत्न ह्या देशात नवे नाहीत. मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी १९१४ साली नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तेथून पदविका घेऊन बाहेर पडणारे परवानाधारक डॉक्टर तालुक्या-तालुक्यांत बसले. स्वातंत्र्यापूर्वी देशातील नोंदणीकृत डॉक्टरांत पाचांतील तीन असे परवानाधारकच होते. १९४६ च्या भोर समितीने हा वर्ग बंद करून देशात एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा असे ठरवले. काही सभासदांनी ह्याला विरोध करणारी भिन्नमतपत्रिकाही जोडली. समितीचा हेतू थोर होता. गरिबाला कनिष्ठ प्रतीचा वैद्य का म्हणून मिळावा, हा तिचा प्रश्न समाजवाद्यांनाही मान्य होण्यासारखाच होता. त्या एकाच दर्जाच्या डॉक्टरने ‘सामाजिक वैद्य’ व्हावे, लोकांत राहून रोगाच्या मुळाशी जावे, अशी तिची अपेक्षा होती. अपेक्षेचा पहिला अर्धा भाग अमलात आला, दुसरा कागदावर राहिला. परवानाधारक गेला, सामाजिक वैद्य आला नाही, आणि तालुक्याची खुर्ची रिकामी झाली.

पुढे १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाची फेरमांडणी सुचवली. १९७७ साली जनता सरकारात राजनारायण आरोग्यमंत्री असताना, २ ऑक्टोबरच्या मुहूर्तावर, गावानेच निवडलेल्या आरोग्य कार्यकर्त्याची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना पन्नास रुपये मानधन. ही योजना समाजवादी विचारातून आली होती, म्हणूनच तिच्यातील उणीव समाजवाद्यांनी प्रथम कबूल केली पाहिजे. त्या कार्यकर्त्याला पहिली पायरी दिली, वरची दिली नाही. दहा वर्षे गावाची शुश्रूषा करूनही तो जेथे होता तेथेच राहिला. आजच्या आशाताईंची गोष्ट वेगळी नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यांना उभे केले. गरोदर बाईला रात्री-बेरात्री दवाखान्यात नेणे, लसीकरण, कुपोषित मुलांच्या नोंदी, महासाथीत दारोदार फिरणे हे सर्व त्यांनी केले. २०२३ व २०२४ साली महाराष्ट्रातील आशांना आपल्या मोबदल्यासाठी संप करावे लागले. त्यांच्या मोर्चात पक्षाचे झेंडे होते, हे योग्यच झाले. पण मानधनाची मागणी करताना ‘ह्यांच्यातली एखादी पुढे डॉक्टर का होऊ नये’ असे कोणत्याही झेंड्याने विचारले नाही.

अर्हता बदलता येते ह्याचा पुरावा दूर शोधण्याचे कारण नाही. वर्ध्याशेजारी सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर ह्यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. अनेक वर्षे त्याच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. नव्या विद्यार्थ्याला प्रथम आश्रमात राहावे लागे, प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेई, आणि तेथेच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा करावी लागे. म्हणून तेथील डॉक्टर शरीरशास्त्रात कच्चे निघाले, असे त्या संस्थेच्या वैऱ्यानेही कधी म्हटलेले नाही. ‘नीट’ सक्तीची झाल्यावर ती गांधीविचाराची प्रश्नपत्रिका गेली. एका प्रश्नपत्रिकेचे जाणे ही बाब लहान असेल. पण वैद्यकाच्या दारावर रोग्याच्या वतीने प्रश्न विचारणारी ती एक प्रश्नपत्रिका होती.

चार मागण्या

तेव्हा ‘नीट रद्द करा’ एवढी घोषणा पुरेशी नाही. तिच्या जागी काय हवे हे सांगितले नाही, तर जुना लिलाव परत येईल. मागणी अर्हतेची हवी, आणि ती नेमकी हवी.

पहिली मागणी भाषेची. महाराष्ट्रातील वैद्यकीय, दंतवैद्यक आणि परिचर्या ह्या पदव्यांसाठी रोग्याच्या भाषेत त्याची हकीगत काढून घेण्याची प्रत्यक्ष परीक्षा असावी, आणि तीत अनुत्तीर्ण झाल्यास पदवी अडावी. हा माध्यमाचा वाद नव्हे. पुस्तके इंग्रजीत असोत की मराठीत. परीक्षा ऐकण्याची आहे, आणि परीक्षकांत गावात काम केलेली एक अनुभवी नर्सबाई असावी. अमरावतीच्या विद्यार्थ्यासाठी कोरकूची प्राथमिक ओळखही ह्यातच यावी.

दुसरी मागणी अर्थकारणाची. शेती, मजुरी, पाणी, कर्ज आणि औषधोपचाराचा खर्च ह्यांवर एक सक्तीचा विषय असावा आणि तो खाटेजवळ शिकवला जावा. प्रत्येक विद्यार्थ्याने काही रोग्यांच्या आजाराचा संपूर्ण जमाखर्च मांडून दाखवावा: किती दिवस बुडाले, एसटीला किती गेले, काय गहाण पडले. ज्याने हा हिशेब एकदा मांडला, तो महागड्या तपासणीच्या चिठ्ठीवर सही करताना क्षणभर तरी थांबेल.

तिसरी मागणी वास्तव्याची. शासकीय महाविद्यालयांतून शिकलेल्यांना पदवीनंतर एक वर्ष सेवेचे बंधपत्र असते. त्यातून दंड भरून सुटण्याची सोय वर्षानुवर्षे होती. ज्याच्या बापाकडे दहा लाख होते तो सुटला, ज्याच्या बापाकडे नव्हते तो धारणीला गेला. सेवा ही अशी शिक्षा होता कामा नये. एक सलग वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात, अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य विद्यावेतनासह, पदवीच्या आतच असावे, आणि ते सरकारी व खाजगी अशा सर्व महाविद्यालयांना सारखेच लागू असावे. शिक्षणाचा भाग म्हटल्यावर दंड भरून सुटण्याचा प्रश्नच उरत नाही. शरीरशास्त्राच्या पेपराऐवजी कोणी पैसे भरत नाही.

चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत अधिक विरोध तिलाच होईल. ज्यांनी आरोग्यसेवेत काही वर्षे काढली आहेत अशा नर्स, एएनएम व आशा ह्यांना पूर्ण पदवीपर्यंत पोचण्याचा रस्ता असावा: वर्षभराचा विज्ञानाचा पूर्वतयारीचा वर्ग, सेवेला गुण, आणि शासकीय महाविद्यालयांत राखून ठेवलेल्या काही जागा. सरकारी सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर शिक्षणासाठी सेवांतर्गत राखीव जागा आहेत. मग सेवेतील नर्सला पदवीसाठी का नसाव्यात? बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून घेणाऱ्यालाही वैद्यकाचा दरवाजा उघडण्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ साली मान्य केले. अभियांत्रिकीचा विचार बदललेल्या मुलासाठी अट लवचीक होऊ शकते, तर वीस बाळंतपणे अंधारात सुखरूप करणाऱ्या बाईसाठी ती दगडाची का व्हावी? केंद्राचा कायदा आड येतो हे खरे. पण तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतील ‘नीट’ उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखून दाखवल्या. राज्याच्या हातात जेवढे आहे तेवढे तरी महाराष्ट्राने उद्यापासून करावे, आणि उरलेल्यासाठी दिल्लीशी भांडावे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप दर्जाचा: ‘दर्जा घसरेल.’ ह्या चारही मागण्यांत शरीरशास्त्राचे, औषधशास्त्राचे वा शल्यक्रियेचे एक पानही कमी केलेले नाही. शेवटची परीक्षा सर्वांना सारखीच राहील. रोग्याचे बोलणे समजणे ह्याने दर्जा घसरत असेल, तर त्या दर्जाची व्याख्याच तपासली पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येईल: ‘खेड्याला पुन्हा अर्धा डॉक्टर देण्याचा हा डाव तर नव्हे?’ ही शंका रास्त आहे. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. त्यातील मुले नावाच्या व दर्जाच्या वादात होरपळली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद केली. त्याला डॉक्टरांच्या संघटनांनी आपल्या धंद्यासाठी विरोध केला. समाजवाद्यांचा विरोध वेगळ्या कारणासाठी असला पाहिजे. गरिबांसाठी अर्धा आणि श्रीमंतांसाठी पुरा डॉक्टर ही विभागणी अमान्यच आहे. म्हणूनच मागणी अर्ध्या परवान्याची नसून पुऱ्या पदवीपर्यंतच्या रस्त्याची आहे.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि त्यात सर्वांत अधिक तथ्य आहे: ‘आरोग्य केंद्रात औषध नाही, राहायला जागा नाही, पदे रिकामी, सरकारचे पाप आमच्या माथी का?’ ह्या तक्रारीत विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहणे हे पक्षाचे काम आहे. पण त्याचा निष्कर्ष ‘म्हणून आम्ही जाणारच नाही’ असा होत नाही. शंभर शिकाऊ डॉक्टर आणि त्यांचे शिक्षक वर्षभर जेथे राहतील, तेथे औषधाची कोठी रिकामी ठेवणे सरकारला आजच्याइतके सोपे जाणार नाही. आज त्या रिकाम्या कोठीला साक्षीदार फक्त कोरकू आई असते, आणि तिची साक्ष कोणाला कळत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

एक कटू गोष्ट घरातल्या घरात बोललीच पाहिजे. वऱ्हाडातील पुरोगामी म्हणवणाऱ्या अनेक कुटुंबांची मुले त्याच अकोल्याच्या शिकवणी वर्गांत बसलेली आहेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जी वाट एकच ठेवली आहे तिने मुले जाणारच. लाज वाटायची ती ह्याची की, आपले मूल त्या चाळणीतून पार पडले की चाळणीविषयीचा आपला राग ओसरतो. शिक्षणसंस्था चालवणाऱ्या काही ‘आपल्या’ माणसांनी कनिष्ठ महाविद्यालयाचा पट शिकवणी वर्गांना भाड्याने दिल्यासारखा दिला आहे. त्यांच्याविषयी मौन पाळून सरकारला शिव्या देणे हा ढोंगीपणा आहे.

कामे उघड आहेत. जिल्हा परिषदांत व पंचायत समित्यांत ह्या चार मागण्यांचे ठराव व्हावेत. नाशिकच्या विद्यापीठाच्या अधिसभेत आणि शासकीय रुग्णालयांच्या अभ्यागत मंडळांवर जे मित्र आहेत, त्यांनी त्या तेथे मांडाव्यात. आशा आणि परिचारिका ह्यांच्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात मानधनाच्या खाली, पण तितक्याच ठळक अक्षरांत, पदवीच्या रस्त्याची मागणी घालावी. आणि अमरावती-अकोल्याच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांशी बोलावे. ती मुले शत्रू नाहीत. त्यांतील कितीतरी शेतकऱ्यांची मुले आहेत, आणि आपण शिकलो ते आपल्याच आईला का सांगता येत नाही, हा प्रश्न त्यांनाही छळत असतो.

पाच जिल्ह्यांत पाच महाविद्यालये उभी राहिली, ती जनतेच्या पैशातून. ज्याचा पैसा त्याने अट घालावी, हा बाजाराचाही नियम आहे. धारणीहून अमरावतीचा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता उतरून, आजारी मूल पोटाशी धरून जी आई येते, तिने ह्या पदवीची किंमत भरलेली आहे. डॉक्टरची अर्हता ठरवताना पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार तिचा आहे. तो प्रश्न फार अवघड नाही. ‘माझे बोलणे तुला कळते का?’ एवढाच तो आहे.